एका सभेत एकच शाल

चोवीस सप्टेंबर, रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम एकावन्नशे रुपये, धनादेशाने. हजर होते आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष, सात संचालक, व्यवस्थापक, आम्ही अकरा पिग्मी एजंट आणि अंदाजे अडीचशे सभासद, त्यांतले निम्मे जेवणासाठी थांबलेले. जागा मलकापुरातलं स्टेशनकडच्या रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय. माझी बायको हजर नव्हती. आदल्या दिवशीच महालक्ष्म्या उठल्या होत्या, घरात आवराआवर होती, आणि मीच तिला म्हटलं होतं, "कायले येतं वं? दोन वर्षं पाह्यलं ना? तेच ते राह्यते."

तेच ते राहिलं नाही. ती आली असती तर निदान एक तरी साक्षीदार माझ्या बाजूचा असता.

मी पिग्मी एजंट होतो. दुकानादुकानातून रोजची ठेव गोळा करायची, हातातल्या यंत्रावर पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी भरणा करायचा, हे काम. दीड वर्षाचा असताना पोलिओनं उजवा पाय गेला. तेव्हापासून उजव्या काखेत कुबडी आहे. कामासाठी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. ही गाडी सरळ रस्त्यावर बरी, पण बाजारात संध्याकाळी हातगाड्या लागल्या की ती कुठंच शिरत नाही. बाकीचे एजंट संध्याकाळी फिरतात, कारण तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा असतो. मला सकाळीच फिरणं भाग होतं, आणि सकाळी मोठी अडचण बोहनीची. पहिली विक्री झाल्याशिवाय आमच्या बाजारात कोणी पैसा बाहेर काढत नाही. मागितला तर तोंड फिरवतात. एका भांड्याच्या दुकानदारानं मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं, "बोहनीच्या आंधी हात पसरतं काय बे? आजचा दिवस खराब केला माह्या!"

मग मी रस्ता बदलला. कोणाची बोहनी कधी होते ते पाहत गेलो. दूधवाले, फुलवाले आणि चहाची टपरी साडेसहाला. मग किराणा, मग औषधांची दुकानं. कापडवाले अकराच्या पुढे, सोनार सगळ्यांत शेवटी. या क्रमानं गाडी फिरवली तर प्रत्येकाकडे मी बोहनीनंतर आणि गर्दीच्या आधी पोचत असे. हा क्रम बसायला मला दोन वर्षं लागली. पुढं पुढं तर दुकानदार रस्त्यापर्यंत येऊन पैसे देऊ लागले. त्यांना कीव येत होती असं म्हणणारे म्हणोत. मला वाटतं, त्यांना माझी वेळ सोयीची होती.

संस्थेचा एक ठराव होता. लागोपाठ तीन आमसभांत जो एजंट गोळा केलेल्या ठेवीत पहिला येईल, त्याला कारकुनाची जागा निघाली की आधी घ्यायचं. काउंटरमागची खुर्ची, ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी. दोन सभांत मी पहिला आलो होतो. आणि डिसेंबरमध्ये काउंटरवरचे जुने कारकून निवृत्त होणार होते. माझा उजवा खांदा कुबडीनं झिजत चालला होता. रात्री हात डोक्याखाली घेता येत नसे. त्यामुळं त्या खुर्चीकडे मी कसा पाहत होतो हे वेगळं लिहायला नको. मार्चअखेरचा आकडा मी स्वतः दोनदा पडताळला होता. माझा एकसष्ट लाख बेचाळीस हजार. दुसरा होता आमच्यातलाच एक तरुण एजंट, मोटारसायकलवर फिरणारा, मला भाऊ म्हणणारा. त्याचा अठ्ठावन्न लाखांच्या थोडा आत.

सभेत अहवालवाचन झालं आणि व्यवस्थापकांनी माईकवर सांगितलं की यंदापासून अध्यक्षांनी एक विशेष सन्मान सुरू केला आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी. माझं नाव घेतलं. टाळ्या बऱ्याच वाजल्या. मंचाला चार पायऱ्या होत्या. मागच्या दोन्ही वर्षी मी त्या कुबडीवर चढलो होतो, वेळ लागला होता, पण चढलो होतो. यंदा दोन कार्यकर्ते आधीच तयार उभे होते. "भाऊ, तुम्ही बसा फक्त," म्हणत त्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि वर नेऊन ठेवलं. कुबडी खालीच राहिली, माझ्या मूळच्या जागेला टेकून.

शाल, नारळ, धनादेश आणि एक सन्मानचिन्ह. सन्मानचिन्हावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. मी चाकाच्या खुर्चीत आयुष्यात कधी बसलेलो नाही. मानपत्र व्यवस्थापकांनी वाचलं. त्यात अपंगत्वावर मात होती, जिद्द होती, परिस्थितीशी झुंज होती. मी ऐकत होतो आणि वाट पाहत होतो की कुठंतरी माझं काम येईल. किती ठेव, किती खातेदार, किती वर्षं. बोहनीचा रस्ता तर सोडाच. साधा आकडासुद्धा आला नाही. पायाचा उल्लेख मात्र चार ठिकाणी होता.

तरी मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला वाटलं, हा वरचा मान आहे आणि पहिला क्रमांक पुढं येतोच आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी सर्वांचे आभार मानले. अध्यक्षांचे विशेष मानले. लोक हसावेत म्हणून हेही म्हणालो की उचलून आणल्याचा खर्च संस्थेनं कोणत्या खात्यात टाकला ते पुढच्या अहवालात दिसावं. लोक हसले.

मग एजंटांचे क्रमांक सुरू झाले, तिसऱ्यापासून. तिसरा म्हणून ज्याचं नाव घेतलं तो मार्चअखेरच्या यादीत चौथा होता. मी मनात यादी पुन्हा लावून पाहिली. तो चौथाच. मग दुसरा म्हणून तिसऱ्याचं नाव आलं, आणि पहिलं नाव ऐकण्याआधीच मला सगळं समजलं. मला यादीतून काढलं होतं. मी मंचावर, सगळ्यांच्या समोर, अंगावर शाल. उठून व्यवस्थापकांपर्यंत जायला दहा पावलं होती, पण कुबडी खाली होती. दोन्ही कार्यकर्ते जेवणाच्या पंगतीकडे गेले होते.

पहिला क्रमांक त्या तरुण एजंटाला दिला. तो शाल घेताना माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा एखाद्याच्या घरातून चुकून दुसऱ्याचीच चप्पल घालून आलेल्या माणसासारखा झाला होता.

खाली उतरवल्यावर मी व्यवस्थापकांना गाठलं. ते वाढपाच्या देखरेखीत होते. म्हणाले, "अहो, नियम हाय ना आपला. एका सभेत एका माणसाले एकच शाल. तुमाले मोठी देल्ली. पह्यल्या नंबरची रक्कम एकवीसशे, तुमची एकावन्नशे. नफ्यात हा तुमी."

हा नियम मला ठाऊक होता. तो कसा झाला हेही ठाऊक होतं. एका सभेत एका संचालकाच्या मेहुण्यानं तीन शाली नेल्या होत्या, मोठा ठेवीदार म्हणून एक, वेळेवर कर्ज फेडणारा म्हणून एक आणि हितचिंतक म्हणून एक. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं होतं, "चौथी बी द्या, मेव्हण्याले थंडी वाजून राह्यली!" त्यानंतर संचालकांनी हा नियम केला. मेहुण्यासाठी केलेला नियम माझ्या वाट्याला येईल हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

घरी गेलो तर बायकोनं शाल हातात घेऊन पोत पाहिला. "औंदा चांगली हाय. मंग, झाले ना तीन?"

"नाई."

"काऊन? दुसरा आला?"

"दुसरा बी नाई."

"मंग कितवा?"

"यादीतच नाई."

तिला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे लंगडा म्हणून मान देल्ला, अन् लंगडा म्हणूनच काम मोजलं नाई." तिनं ते रागानं म्हटलं नाही. भाजी निवडता निवडता म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो तरुण एजंट घरी आला. दारातूनच म्हणाला, "भाऊ, हे माह्यं नाई. मले रात्री झोप नाई लागली. चाला, आपण सरांकडे जाऊ." आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सगळा गाव त्यांना सर म्हणतो. मी म्हटलं, "तुले काय पडलं? तुह्यं तर एक वर्ष लागलं खात्यात." तो म्हणाला, "लागलं ना. पन मले पुढच्या साली तुमाले हरवून घ्याचं होतं. असं नाई."

आम्ही गेलो. सरांकडे दहा दिवसांचा गणपती असतो. नुकतीच आरती झाली होती. मी बरोबर पिशवीत शाल आणि धनादेश नेला होता. मनात वाक्य ठरवलं होतं, की हे परत घ्या आणि मला यादीत ठेवा, बस. सरांनी आम्हाला बसवलं, प्रसाद दिला. मी काही बोलायच्या आत तो तरुणच बोलला. त्यानं सगळं नीट मांडलं, तीन वर्षांचा ठराव, डिसेंबरची जागा, माझा खांदा.

सर ऐकत गेले तसे खुर्चीत खचत गेले असं मला वाटलं. म्हणाले, "ठरावाचं माझ्या लक्षातच नव्हतं रे. मला एवढंच वाटलं, दरवर्षी पहिला येतो, त्याला त्याहून मोठं काहीतरी द्यावं. व्यवस्थापक म्हणाले, दोन शाली देता येणार नाहीत. मी म्हटलं, मग मोठी द्या."

मग ते उठले आणि भिंतीवरचा एक जुना फोटो दाखवला. पंचवीसेक वर्षांचा मुलगा, खुर्चीत बसलेला, गुडघ्यावर चादर. "हा माझा धाकटा भाऊ. तुझ्यासारखाच, पोलिओ. मॅट्रिकला तालुक्यात चांगले गुण होते. सात ठिकाणी अर्ज केले. सगळे म्हणाले, घरीच बरा. मीही म्हटलं, घरीच बरा, मी आहे ना. चौतिसाव्या वर्षी गेला. एक दिवससुद्धा कामाला गेला नाही. ही रक्कम त्याच्या नावानं माझ्या पेन्शनमधून ठेवली आहे. संस्थेची नाही."

पिशवी माझ्या मांडीवर होती. तरुण एजंट माझ्याकडे पाहत होता, मी बोलावं म्हणून. सर पुढं म्हणाले, "सभेनं यादी मंजूर केली, अहवाल छापून वाटला. तरी तू म्हणत असशील तर मी संचालकांपुढं चूक कबूल करतो. पण मग हा सन्मान परत घ्यावा लागेल, नियमाप्रमाणं. तू सांग."

मी म्हटलं, "राहू द्या, सर."

बाहेर पडल्यावर त्या तरुणानं गाडीला किक मारली नाही, तसाच उभा राहिला. "काऊन असं केलं, भाऊ? हो म्हणाचं होतं. ते करत होते."

"त्या फोटोसमोर कसं म्हनू बे?"

"मेलेल्या मानसाले खुर्ची देऊन आले तुमी," तो म्हणाला. मग लगेच, "माफ करा," असंही म्हणाला.

मी त्या संध्याकाळचा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला आहे. सरांना दुखवायचं नव्हतं हे खरं. पण दुसरंही एक आहे. त्यांनी 'तू सांग' म्हटलं तेव्हा मला त्यांच्या भावाची जागा घेतल्यासारखं वाटलं. घरीच बरा असं ज्याला म्हटलं गेलं त्या माणसाचा मान मीच नाकारायचा, हे जमेना. त्याला जे मिळालं नाही ते मला मिळत होतं, काम. आणि कामाचीच मोजणी मी सोडून दिली. हे मला तिथं बसून दिसलं नाही.

धनादेश मी वटवला नाही. कपाटात ठेवला. तीन महिन्यांनी त्याची मुदत संपली. जानेवारीत सर स्वतः, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, माझ्या घराच्या पायऱ्या चढून आले. पासबुक हातात होतं. "रक्कम वजा झालेली दिसत नाही," म्हणाले. मी विसरलो असं सांगितलं. आकड्यांच्या बाबतीत मी विसरत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नवा धनादेश लिहिला आणि माझ्यासमोर बसून राहिले, मी भरणा-पावती लिहीपर्यंत.

त्याच्या आधी डिसेंबरात जुने कारकून निवृत्त झाले होते. संचालक मंडळाच्या बैठकीत जागेचा विषय निघाला, ठरावात बसणारा उमेदवार नाही म्हणून जागा रिकामी ठेवायचं ठरलं. खर्चही वाचत होता. मी रोज संध्याकाळी भरणा करायला जात असे तेव्हा ती खुर्ची काउंटरमागे उलटी करून टेबलावर ठेवलेली दिसे, झाडायला सोपं जावं म्हणून.

पुढच्या वर्षी मी पाचवा आलो. खांद्यामुळं पावसाळ्यात दीड महिना फिरता आलं नाही. बोहनीचा रस्ता एकदा तुटला की दुकानदारांची सवय तुटते. त्या वर्षीही विशेष सन्मान मलाच होता, कारण संस्थेत दुसरा कोणी नव्हता. मी आधीच व्यवस्थापकांना कळवलं की गावी लग्न आहे. लग्न नव्हतं. तरुण एजंट पहिला आला. त्याच्या पुढच्या सभेतही तोच, आणि त्याचे तीन पूर्ण झाले. रिकामी खुर्ची त्याला मिळाली. त्यात त्याची काही चूक नाही, त्यानं तीनही वर्षं मेहनत केली. पहिल्या वर्षाच्या आकड्याबद्दल मात्र आम्ही दोघंही पुन्हा कधी बोललो नाही.

डॉक्टरांनी आता कुबडीवरचं फिरणं बंद म्हणून सांगितलं तेव्हा मी काम सोडलं. एजंटाच्या कमिशनमधून दर महिन्याला थोडी अनामत कापून ठेवतात, ती काम सोडताना व्याजासह परत मिळते. अर्ज मंजूर झाल्याचं कळलं तसा मी दुसऱ्याच दिवशी संस्थेचं दार उघडताना गेलो. इतक्या वर्षांची सवय, लवकर जायची. बायको बरोबर होती, गाडीच्या मागच्या सीटवर. काउंटरमागे तो बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि खुर्ची सरळ.

"या भाऊ. बसा, वयनी." त्यानं माझी मंजुरी काढली, शिक्का उचलला आणि थांबला. "भाऊ, अजून कोनी आलं नाई."

"मंग?"

"बोहनी नाई झाली ना. बोहनीच्या आंधी पैसा बाहेर काढू काय? तुमीच शिकवलं." तो हसत होता, पण शिक्का खाली ठेवून दिला. खरंच देणार नव्हता. आम्ही तिघंही मग दाराकडे पाहत बसलो, कोणी भरणा करायला येतं का म्हणून. दहा मिनिटं गेली. सकाळी पतसंस्थेत कोण येणार?

बायको मला म्हणाली, "तुमीच करा ना त्याची बोहनी."

मी खिशातून शंभर रुपये काढले आणि तिच्या बचत खात्याची भरणा-पावती लिहिली. त्यानं नोट कपाळाला लावली, गल्ल्यात टाकली, पावतीवर सही केली. मग माझी रक्कम काढली आणि दोनदा मोजून काचेखालून सरकवली.

विशेष सन्मानाचे एकावन्नशे आधीच खांद्याच्या डॉक्टरांना गेले होते, एक्स-रे आणि दोन इंजेक्शनांत. त्या दिवशी, बोहनीचे शंभर त्याच्या काउंटरवर भरल्यानंतर, मला अनामतीचे व्याजासह एकेचाळीस हजार दोनशे साठ रुपये मिळाले. देणार संस्था, घेणार मी.